अल्कालाय आजोबांची जाहिरात

बातमी वाचून संपली की खाली 'हेही वाचा' म्हणून चार-सहा चौकोन येतात ना, ते आमची कंपनी लावते. आमचं ऑफिस तेल अवीवला लागून, रामत गानमध्ये, अकराव्या मजल्यावर. त्या चौकोनांतल्या जाहिराती तिर्त्सा आणि मी तपासतो. तिर्त्साने तीस वर्षं एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली. ते बंद पडल्यावर ती इकडे आली. 'या तेलाने महिन्यात टक्कल गेलं' असलं काही दिसलं की ती ओठ मुडपून नामंजूर करते, आणि वर त्यातलं शुद्धलेखनही सुधारून पाठवते.

मार्चमध्ये याफोहून, शेजारच्या जुन्या बंदरगावाहून, एक जाहिरात आली. 'मी अकॉर्डियन दुरुस्त करतो. वय एक्क्याऐंशी. हे काम कुणाला शिकायचं असेल तर गुरुवारी चारनंतर या. मोरिस अल्कालाय.' फोटोत फक्त त्यांचे दोन हात होते; क्लिक केलं की घरचा पत्ता दिसायचा.

आमचा साहेब अविशाय, वय एकोणतीस, तिर्त्साच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"यावर काळं कुत्रंही क्लिक करणार नाही. जरा रंगव. 'या आजोबांच्या खोलीत जे दिसलं त्याने सगळे थक्क झाले.'"

"काय दिसलं?"

"ते क्लिक केल्यावर कळेल."

"मग तूच जा आणि थक्क होऊन ये," तिर्त्सा म्हणाली. "मी त्यांना फोन केला होता. आहे तसंच ठेवा म्हणाले."

अविशाय हसून निघून गेला. जाहिरात आहे तशीच लागली. तीन दिवसांत ती दोन लाख लोकांसमोर आली आणि क्लिक पडले एकतीस. एवढे कमी पडले की आमची यंत्रणा जाहिरात आपोआप उतरवते. गुरुवारी दुपारी यंत्रणेने हीही उतरवली.

तिर्त्सा जेवली नाही. "माझ्या हट्टापायी म्हाताऱ्याचं नुकसान झालं," एवढंच म्हणाली. संध्याकाळी पाच वाजता तिने फोन लावला आणि मीही ऐकावं म्हणून स्पीकर चालू केला.

"अल्कालाय आजोबा, वाईट बातमी आहे. तुमची जाहिरात बंद झाली."

"जरा मोठ्याने बोल गं, इथे गोंगाट आहे," ते ओरडले. मागून पाच-सहा अकॉर्डियन एकदम कण्हत होते. "बंद झाली? बरं झालं बाई. मीच सांगणार होतो. एकोणीस जण आलेत. खुर्च्या शेजारणीकडून आणल्या, आता तीही येऊन बसलीय."

तिर्त्साने फोन ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत सुटली. डोळ्यांतलं पाणी पुसत ती अविशायच्या टेबलाशी गेली.

"एकतिसातले एकोणीस घरी पोहोचले. तुझ्या थक्क होणाऱ्यांपैकी आजवर कुणी घरी गेलंय का रे?"

अविशायने आकडा दोनदा विचारला. मग म्हणाला, "पुढच्या गुरुवारी मला ने."

आम्ही तिघेही गेलो. गल्लीच्या तोंडाशीच सूर ऐकू येत होते. आत एक बसचालक होता, दोन नर्स होत्या, आजीचा अकॉर्डियन माळ्यावरून काढून आणलेली एक वकील होती. चीज भरलेले पफ, बुरेकास, गरम होते. आजोबांनी तिर्त्साचे हात हातात घेतले. "तू माझं एक अक्षर बदललं नाहीस."

"स्वल्पविराम घातला होता एक," ती म्हणाली.

"तो मला आवडला."

मग त्यांनी मोकळा उभा असलेला अविशाय पाहिला, आणि काही न विचारता एक उघडा भाता त्याच्या मांडीवर दिला.

"धर. कान लाव. हवा कुठून गळते सांग."

अविशायने कान लावला. आठ वाजले, आम्ही निघायला उठलो, तरी तो मान वर करेना. "तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला, "मला दुसरं भोक सापडतंय."