झाल आणि चुडी

नवाब मिस्त्रीच्या लेखी जगात माणसं दोनच तऱ्हेची होती. एक झाल मारणारी, दुसरी चुडी फिरवणारी. झाल म्हणजे आचेवर पितळ वितळवून दोन नळ्या एकजीव करायच्या, ते कसब. चुडी म्हणजे आटे पाडलेला जोड पान्यानं आवळायचा; ते कोणाही ऐऱ्यागैऱ्याचं काम. चुड्या बायकांनी भराव्या, असं तो नागभीडच्या भर चौकात म्हणायचा, आणि ऐकणाऱ्यांत गोपाल असला तर जरा मोठ्यानं म्हणायचा.

हा गोपाल नागपुरात चार वर्षं गॅसचं फिटिंग शिकून आलेला. काय शिकला तर पाने धरायला! त्यातही जोड आवळला की त्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे निघतात का ते उकिडवा बसून बघणार. नवाबला किळस यायची. ज्याचा हातावर भरवसा नाही त्यानं साबण लावावा, मले तो आंघोळीपुरताच लागते, असं तो सांगायचा. तीस वर्षांत त्यानं एकाही जोडाला साबण लावला नव्हता.

२००३ साली स्टेशनजवळच्या आशाबाईनं खानावळीत गॅसची शेगडी घेतली. वीस वर्षं चुलीपुढं बसून बाईची छाती भात्यासारखी वाजत होती. आता धूर बंद करा, असं डॉक्टरनं बजावलं होतं. काम अर्थातच नवाबला. मागच्या पडवीतल्या सिलिंडरपासून भिंतीतून त्यानं तांब्याची नळी अशी सरळ आणली की बघत राहावं. पण शेगडी पुढंमागं सरकवता यावी म्हणून शेवटच्या हातभर अंतरासाठी दुकानदारानं वेगळीच नळी दिलेली. स्टीलची, गांडुळासारखी वळ्यावळ्यांची. सोबत पुडीत पितळी जोड.

गोपाल जाताजाता डोकावला. म्हणाला, नवाबभाऊ, ह्या नळीले आच नका देऊ, पत्रा कागदावानी पातळ हाय. पितळी जोड अगोदर तांब्याले झाल मारून बसवा, थंड होऊ द्या, मंग नळी चुडीवर आवळा.

सल्ला! तोही नवाबला! कालचं पोर आणि बापाला मिशा दाखवतं! नवाबनं ती पुडी उचलून अंगणात भिरकावली आणि गोपाल दिसेनासा होईपर्यंत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग त्यानं तांबं आणि स्टील एकमेकांत घालून आच लावली.

तांबं लाल झालं, नेहमीसारखं ऐकू लागलं. स्टील काळं पडलं. आणि बघता बघता दोन वळ्यांच्या मधोमध मोहरीएवढं भोक पडलं.

नवाबनं इकडंतिकडं पाहिलं. कोणी नव्हतं. त्यानं भोकावर पितळ ओतलं, ते ओघळलं, पुन्हा ओतलं. शेवटी गचाळ गोळा झाला, असा की दुसऱ्या कोणी केला असता तर नवाब त्याच्या तोंडावर थुंकला असता. असली नळी बनवणारा गाढव, विकणारा त्याहून गाढव, असं पुटपुटत त्यानं गोळा कानशीनं घासला आणि त्यावर रुपेरी रंग फासला.

आशाबाई आली. नवी शेगडी बघून बाईचा चेहरा उजळला. तिनं शेगडीला हळदकुंकू लावलं, पडवीत जाऊन सिलिंडर उघडला आणि आगपेटी घेऊन आली. नवाबनं वाकून वास घेतला. काही कळलं नाही. तीस वर्षांच्या धुरानं त्याचं नाक कधीच मेलं होतं, आणि चुलीपुढं बाईचंही.

"बाई, अगोदर..." तो अडखळला. "त्या गोपालसारखा साबण लावून पाहा लागते का?"

आशाबाई हसली. "तुमच्या हाताची झाल हाय नवाबभाऊ. साबण कायले?"

हेच तर त्यानं गावाला तीस वर्षं शिकवलं होतं. बाईनं काडी पेटीवर टेकवली.

नवाबनं आगपेटी तिच्या हातातून हिसकावली. "माह्या हाताची हाय म्हणूनच लावा," तो म्हणाला, आणि स्वतःच मोरीवरचा साबण आणून फेस केला.

रुपेरी गोळ्यावर एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग ते एकामागून एक फुगत राहिले, आणि नवाब उकिडवा बसून बघत राहिला. आशाबाईनं दोन पावलं मागं घेतली.

नवाबनं पडवीत जाऊन सिलिंडर बंद केला.

"गोपालले बोलवा," तो तिथूनच म्हणाला. "आन् त्याले सांगा, नवाबच्यानं नाई झालं."