पीडीएफ बंद, प्रिंट चालू

मुरबाडच्या एसटी स्टँडसमोरच्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम रुपालीचं आणि रिपोर्ट पाठवायचं काम संगणकाचं. मालक महिपत सरांनी नवं सॉफ्टवेअर बसवलं तेव्हाच प्रिंटचं बटण बंद करून टाकलं होतं. कागद वाचतो म्हणे! रिपोर्ट पडद्यावर बघायचा, ‘मंजूर’ दाबायचं, की पीडीएफ आपोआप पेशंटच्या फोनवर. आता पेशंटचा फोन म्हणजे नेमका कुणाचा, हा प्रश्न सॉफ्टवेअर करणाऱ्यांना कशाला पडेल?

टोकावड्याकडच्या भिमीला तो पडला होता. तिच्या घरात मोठा फोन एकच, दीर जीवनचा. जीवन मनानं सोन्यासारखा, पण त्याच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. मागच्या खेपेला भिमीला दिवस गेल्याचा रिपोर्ट त्यानंच आधी पाहिला आणि आनंदाच्या भरात भावकीच्या ग्रुपवर टाकला. भिमी जीपमधून उतरून घरी पोचायच्या आत गावात पेढे वाटून झाले होते. लॅबमध्येसुद्धा त्यानं पेढ्यांचा डबा आणून दिला. नवऱ्याला, वाळूला, सांगायला तिच्यापाशी काही उरलंच नाही. पुढं थोड्याच दिवसांत ते पोर पोटातच गेलं. मग पेढे खाल्लेल्या सगळ्या बाया समाचाराला आल्या, आणि प्रत्येकीला तेच तेच सांगताना भिमीला जीव नकोसा झाला.

“रुपालीताय, ह्या टायमाला आधी मी सांगन गो त्यांला,” आज सकाळी रक्त देताना ती म्हणाली होती. “फोनवर नको धाडू. माज्या हातात दे.”

रुपालीनं मान हलवली. मान हलवायला काय जातं? दुपारी रिपोर्ट पडद्यावर आला, दिवस गेल्याचा आकडा पाहून तिला हसू फुटलं. पण खाली ‘मंजूर’ तेवढं ठळक. प्रिंटचं चिन्ह फिकट, कितीही दाबा, ढिम्म. फोन नंबर बदलायचा तरी पासवर्ड सरांचाच. आणि डॉक्टरीणबाईंना दाखवायला भिमीला रिपोर्ट तर हवाच होता. ती बाहेर बाकावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

रुपाली सरांच्या केबिनमध्ये गेली.

“एकीला कागद दिला की उद्या सगळे मागतील,” सर म्हणाले.

“मागू देत ना. ज्याचा रिपोर्ट त्याला विचारायला आपलं काय जातं?” रुपालीचा आवाज चढला, तिचं तिलाच नवल वाटावं इतका. “मागच्या खेपेचे पेढे आपणही खाल्लेत, सर.”

सर उठून आले, सेटिंग उघडलं, भिमीच्या रिपोर्टपुढची पीडीएफची खूण काढली, प्रिंटची लावली. टेबलाखालचा प्रिंटर स्वतः ओढून काढून रुमालानं पुसला. कुरकुर करत का होईना, कागद आला.

“कुठं लिवलंय?” भिमीनं विचारलं. रुपालीनं बोट ठेवलं. त्या जागेवर आपलं बोट ठेवून भिमी बराच वेळ उभी राहिली, मग कागदाची घडी करून छातीशी धरून गेली. काचेच्या दारातून रुपालीला दिसलं, स्टँडवर जीपच्या रांगेतल्या वाळूला ती काहीतरी म्हणाली. वाळूनं तिच्या हातातली पिशवी मुकाट आपल्या खांद्याला अडकवली. रुपालीचे डोळे भरून आले.

तेव्हापासून लॅबमध्ये प्रत्येकाला आधी विचारतात, फोनवर की हातात?

भातकापणी उरकली आणि भिमी पुन्हा आली, वाढलेल्या पोटानं, सावकाश.

“ताय, तो जुना रिपोर्ट हाय का गो?”

“आहे की.”

“मंग आता दाब तुजं बटन. जाव दे भावजींच्या फोनवर. बिचाऱ्याला सगलं दिसतंय, पन मागल्या खेपेपासनं मी सांगितल्याबिगर तोंड उघडत नाय.”

सरांनी पीडीएफची खूण लावली, रुपालीनं बटण दाबलं. फोन दाराबाहेरच वाजला. जीवनच वहिनीला घेऊन आला होता. तो आत आला तो फोनच्या पडद्याकडे बघत, ओल्या डोळ्यांनी.

“वयनी,” तो म्हणाला, “टाकू का गो ग्रुपवर?”

आणि भिमी हो म्हणेपर्यंत त्यानं खरोखरच फोनला बोट लावलं नाही.