भाताच्या गोळ्यासाठी कॅमेरा

आरोग्य केंद्रातल्या ओनुकीबाईंनी मला वजनकाट्यावरून उतरवलं, आकडा लिहिला आणि मागच्या वर्षीचा कागद काढून त्याच्या शेजारी ठेवला. नऊ किलो कमी होते.

"काल रात्री काय जेवलात, कुवाबारासाहेब?"

मला आठवेना.

"बरं, आज सकाळी?"

"खाल्लं असणार."

"असणार म्हणजे?"

"वाडगा घासून पालथा घातलेला होता. म्हणजे खाल्लं असणार."

ओनुकीबाई आहारतज्ज्ञ. वय तिशीच्या आसपास, केस घट्ट बांधलेले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "महिनाभर प्रत्येक जेवणाचा फोटो काढायचा. खाण्याआधी. वहीत लिहायला सांगितलं की तुम्ही पुरुषमंडळी आदल्या दिवशी बसून सगळा महिना एकदम लिहून आणता. मोबाइलवर काढलात तरी चालेल."

"माझ्या मोबाइलला कॅमेरा नाही."

"मग छोटा डिजिटल घ्या एखादा. आता स्वस्त झालेत."

मी बरं म्हटलं. त्या वर्षी मी सगळ्यालाच बरं म्हणत होतो.

ताकासाकीच्या पाणीखात्यात मी अडतीस वर्षं मीटर तपासले. एकाच पाण्याची धार ओळीने जोडलेल्या मीटरांतून सोडायची आणि कोणता जास्त दाखवतो, कोणता कमी, ते बघायचं. मार्चअखेर निवृत्त झालो. खात्याने फुलं दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मित्सुयोने, माझ्या बायकोने, घटस्फोटाचा कागद टेबलावर ठेवला. तिची बाजू भरलेली होती. मला राग आला नाही, रडूही आलं नाही. मी तिला एवढंच विचारलं, की माझ्या नावाचा शिक्का कुठे असतो. सही-शिक्क्याशिवाय कागद पुरा होत नव्हता आणि शिक्का कुठे असतो ते तिलाच ठाऊक. तिने तो चहाच्या कपाटातून काढून दिला. मी उठवला. दुपारी तिची बहीण किनुए गाडी घेऊन आली आणि दोघी किनुएच्या घरी, आशिकागाला गेल्या.

आता फेब्रुवारी चालू होता. मधले दहा महिने कसे गेले असं कोणी विचारलं, तर मला वाडग्याचंच उत्तर द्यावं लागलं असतं.

स्टेशनसमोरच्या दुकानात तिसऱ्या मजल्यावर कॅमेरे होते. लांब फळ्या, प्रत्येक कॅमेऱ्याला मागून वायर बांधलेली. मी पहिल्यापासून सुरुवात केली. एकेक उचलायचा, चालू करायचा, भिंग बाहेर आलं की आवाज ऐकायचा, बंद करून ठेवायचा. अकराव्या कॅमेऱ्याशी एक विक्रेती जवळ आली. पन्नाशीच्या बाई, छातीवर तोमिझावा अशी पाटी.

"नातवंडांचे फोटो काढायचेत का?"

"भाताच्या गोळ्याचे."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे जेवणाचे! मग हा घ्या." त्यांनी एक लाल कॅमेरा उचलला आणि पडद्यावरची काटा-चमच्याची खूण दाखवली. "हे लावलं की जेवण नुसतं झकास दिसतं. हल्ली मुली उपाहारगृहात काय काय काढत असतात ना, ते असंच."

"त्यात काय होतं नेमकं?"

"रंग खुलतात. लाल जास्त लाल, पिवळा जास्त पिवळा. उजेडही थोडा वाढतो."

"म्हणजे जास्त दाखवतो."

"म्हणजे, हो. तसंच म्हणा."

त्या दिवशी मी काही घेतलं नाही. घरी येऊन आलेखाच्या कागदावर तक्ता आखला. पाहिलेल्यांपैकी तीन निवडले: लाल, चंदेरी, काळा. वजन किती, किती जवळून चित्र स्पष्ट येतं, बटण दाबल्यापासून किती वेळ लागतो, ट्यूबलाइटखाली पांढरा रंग पांढरा येतो का. किमती तिघांच्या जवळजवळ सारख्या होत्या, म्हणून तो रकाना आखलाच नाही. तक्ता आखताना संध्याकाळ झाली. एक काम झालं असं वाटलं. बरं वाटलं असं नाही, पण वेळ गेला होता आणि तो कुठे गेला ते सांगता येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून साल्मन घातलेला भाताचा तिकोनी गोळा घेतला, खिशात पोलादी पट्टी टाकली आणि तिसऱ्या मजल्यावर गेलो. गोळा फळीवर ठेवला. पट्टीने दहा सेंटिमीटर मोजले. तिन्ही कॅमेरे आळीपाळीने त्याच जागेवरून धरून पाहिले. लाल कॅमेऱ्यात भात लोण्यासारखा पिवळसर दिसला. चंदेरीला दहा सेंटिमीटरवरून काही धड दिसेना, तो भिंग पुढे-मागे करत राहिला. काळ्यात भात दिसला, तोही जरा राखाडी.

मी आकडे लिहीत होतो तेवढ्यात मजल्याचे साहेब आले. तरुण होते, वाकून अतिशय नम्रपणे म्हणाले, की दुकानात खाद्यपदार्थ उघडू नयेत अशी विनंती आहे.

"खाणार नाहीये. मोजतोय."

तोमिझावाबाई लगबगीने आल्या, साहेबांना म्हणाल्या, "मी बघते," आणि ते गेल्यावर मला म्हणाल्या, "उद्या या. मी काहीतरी करते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सातव्या मजल्यावरच्या उपाहारगृहातून, काचेच्या कपाटात मांडायचं असतं ना, तसलं प्लास्टिकचं ऑम्लेट-भाताचं ताट मागून आणलं होतं. वर टोमॅटोचा लाल पट्टा, बाजूला वाटाणे. "घ्या! हे काही सांडत नाही, वास येत नाही, साहेबही गप्प."

मी तिन्ही कॅमेऱ्यांतून पाहिलं. तिन्हींत छान दिसत होतं.

"हे चालणार नाही."

"का हो? एवढे सात मजले उतरून आणली मी थाळी."

"हे सगळीकडे चांगलंच दिसणार. त्यासाठीच बनवलंय. याने कॅमेऱ्याची परीक्षा होत नाही."

"तुम्ही शाळेत मास्तर होता का?"

"मीटर तपासायचो. पाण्याचे."

"तरीच," त्या म्हणाल्या. "सात नव्हे, चार मजले उतरले, हेही तुमच्या लक्षात आलं असेल."

आलं होतं.

त्याच संध्याकाळी मित्सुयोचा फोन आला. निवृत्तिवेतनाच्या वाटणीच्या कागदावर माझा एक शिक्का राहिला होता. घटस्फोटानंतर ती मला "अहो" म्हणत नव्हती.

"कुवाबारासाहेब, कागद टपालाने पाठवलाय. उलट टपाली पाठवा. उद्या घरी आहात ना?"

"सकाळी नाही. कॅमेरा बघायला जायचंय."

"कॅमेरा? कशाला?"

"जेवणाचे फोटो काढायला सांगितलेत. आरोग्य केंद्रातून."

मग ती म्हणाली, "अडतीस वर्षं ताट पुढे ठेवलं. एकदा तरी खाली मान घालून बघितलंत का, त्यात काय आहे ते? वर्तमानपत्र टेकवायला आमटीचा वाडगा लागायचा तुम्हाला. आणि आता कॅमेरा आणणार!"

"तीन बघितलेत. काळा त्यातल्या त्यात बरा आहे."

"देवा," मित्सुयो म्हणाली. "शिक्का चहाच्या कपाटात आहे." आणि फोन ठेवला.

शिक्का कुठे आहे ते आता मला ठाऊक होतं. पण ते सांगायला कोणी नव्हतं फोनवर.

चौथ्या दिवशी दुकानात गर्दी नव्हती. बाहेर कोरडा वारा इतका होता, की सायकली आडव्या पडल्या होत्या. तोमिझावाबाईंनी घड्याळ बघितलं, खालच्या खणातून कापडात बांधलेला स्वतःचा डबा काढला आणि फळीवर ठेवून झाकण उघडलं.

"साहेब जेवायला गेलेत. दहा मिनिटं आहेत. मोजा पटापट."

डब्यात भात होता, वर काळे तीळ. भोपळ्याचे शिजवलेले तुकडे, अंड्याची पिवळी गुंडाळी, आणि एका कोपऱ्यात तपकिरी-नारिंगी बारीक काड्यांची भाजी. मी पट्टी लावली. लाल कॅमेऱ्यात डबा जाहिरातीतल्यासारखा दिसला. चंदेरीत भोपळा आणि अंडं एकाच रंगाचे झाले. काळ्यात भोपळ्याची साल हिरवी ती हिरवी दिसली आणि काड्यांमधला तपकिरी वेगळा, नारिंगी वेगळा.

"ही कसली भाजी?" मी विचारलं.

"ही? किनपिरा. तपकिरी कंदमूळ आणि गाजर परतलेलं." त्या हसल्या. "हे ठाऊक नाही असं नका सांगू. प्रत्येक घरात असतं."

आमच्याही घरात होतं. दर आठवड्याला, निळ्या वाटीत. मी ते ओळखलं होतं. नाव ठाऊक नव्हतं. मी तक्त्याच्या कडेला लिहून ठेवलं, किनपिरा, आणि पुढे काही लिहावं असं सुचलं नाही. पट्टी पुसून खिशात टाकली.

"काळा द्या," मी म्हटलं.

"नक्की? खरं सांगते, हा कोणी घेत नाही. लोक म्हणतात, यात सगळं फिकं दिसतं."

"फिकंच आहे ते."

"माझा डबा?"

"नाही, नाही. माझं जेवण."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. बिलावर लिहायला माझं नाव विचारलं. खोक्याबरोबर एक छोटी कापडी पिशवी दिली आणि दाराशी आल्यावर म्हणाल्या, "कुवाबारासाहेब, फोटो काढून झाला की जेवा मात्र. नुसतं मोजत बसू नका."

महिना संपल्यावर मी ओनुकीबाईंपुढे कॅमेऱ्यातलं कार्ड ठेवलं. त्यांनी ते संगणकात घातलं. पडद्यावर ओळीने चौकोन उमटले. पांढरा तिकोन, पांढरा तिकोन, पांढरा तिकोन, कागदी पेल्यातल्या शेवया, पांढरा तिकोन.

"एकच फोटो पुन्हा पुन्हा आलाय का?"

"नाही. वेगवेगळे आहेत. मागे तारखेचं पान ठेवलंय बघा."

त्यांनी बघितलं. पहिल्या आठवड्यात एकवीसच्या जागी चौदा फोटो होते. म्हणजे सात वेळा मी जेवलोच नव्हतो. हे मलाही तिथे बसून पहिल्यांदा कळलं. मी जेवत असणार असं मी धरून चाललो होतो.

"तुम्हाला भूक लागत नाही?"

"ठाऊक नाही."

त्या खाली सरकत गेल्या. तिसऱ्या आठवड्यात एक रिकामा वाडगा होता. मग दोन दिवसांनी रिकामी ताटली, कडेला सॉसचा डाग.

"हे काय?"

"चूक झाली. आधी खाल्लं, मग आठवलं. नियमाप्रमाणे ते धरू नका."

ओनुकीबाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "हेच मी सगळ्यात आधी धरणार आहे. काय होतं त्यात?"

"दुकानातलं तळलेलं डुकराचं मांस. गरम होतं. वास आला आणि..." मी थांबलो. "आणि खाल्लं."

"छान." त्यांनी काहीतरी लिहिलं. वजन सातशे ग्रॅम वाढलं होतं. "आता पुढचा महिना. एक हिरवी गोष्ट, रोज. दुकानातली तयार नको, स्वतः शिजवलेली."

"कोणती?"

"कुठलीही."

"नाव लिहून द्या."

त्यांनी चिठ्ठीवर 'कोमात्सुना' असं एका पालेभाजीचं नाव लिहून दिलं. मी परत येताना भाजीवाल्याला चिठ्ठी दाखवली. त्याने एक जुडी दिली. घरी आणून ओट्यावर ठेवली. मुळांना माती होती. पातेलं काढलं, पाणी घातलं, गॅस लावला आणि पाणी उकळायला लागल्यावर लक्षात आलं, की पुढचं मला काही ठाऊक नाही.

मी आशिकागाला फोन लावला. किनुएने उचलला. ही माझी मेहुणी. लग्नात तिने माझ्याकडे पाहून आईला विचारलं होतं, की हा बोलतो का.

"तुम्ही? मित्सुयो कामावर गेलीय. आणि असती तरी बोलली असती की नाही, सांगता येत नाही."

"तुम्हीही सांगू शकाल. कोमात्सुना किती वेळ उकळायचा?"

"काय?"

"पाणी उकळलंय. गॅस चालू आहे."

मग ती एकदम ओरडली, "अहो, धुतलात का आधी? माती असते बुडाशी! मुळाशी उभी चीर द्या, पाण्यात हलवा. मीठ टाकलंत? चिमूटभर टाका. देठं आधी. पानं वर धरून ठेवा हाताने, वीस मोजा, मग सगळं ढकला आत. अजून तीस मोजा. लगेच थंड पाण्यात. हिरवं राहायला हवं. लिहिताय का?"

"लिहितोय."

"लिहा. साठ वर्षांच्या बाप्याला भाजी उकळायला शिकवायची वेळ आली माझ्यावर!" मग आवाज जरा खाली आला. "जेवताय ना?"

"हो. फोटो आहेत."

"फोटो आहेत म्हणे," किनुए म्हणाली. ती हसली की कशाने चिडली, ते मला कळलं नाही. "मित्सुयोला सांगू का, फोन केला होता म्हणून?"

मी विचार केला. "भाजीचं विचारलं एवढं सांगा."

फोन ठेवून मी जुडी धुतली. तळाशी खरंच माती निघाली. देठं पाण्यात धरून वीस मोजले, मग तीस. थंड पाण्यात घालून पिळली, चार तुकडे केले, वर सोया सॉस घातला. टेबलावर ठेवून दहा सेंटिमीटरवरून फोटो काढला. मग खुर्ची ओढून बसलो आणि एक तुकडा खाल्ला. मातीचा एक कण दाताखाली आला. तो जिभेने बाजूला केला आणि उरलेले तीन तुकडेही खाल्ले.