नव्वदच्या वेगाला बोलता यावं म्हणून

माझ्या थोरल्या भावाने तीस वर्षं बस चालवली, पण गाडीच्या पोटात काय चालतं याबद्दलचं त्याचं ज्ञान म्हणजे आनंदीआनंद. नोकरीत असताना डेपोतला फिटर होता आणि निवृत्त झाल्यावर मी आहेच. माझं गॅरेज त्याच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. त्या मंगळवारी मी शटर उघडायला गेलो, तर हा आधीच दारात उभा. मी मनात म्हटलं, झालं, आजचा दिवस गेला.

"बारक्या," दादा म्हणाला. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे, डोक्यावर औषधालाही केस नाही, पण त्याच्या लेखी मी अजून बारक्याच. "बारक्या, तुझी वहिनी गाडी विकायला निघालीय."

गाडी म्हणजे आमच्या वडिलांची फिकट हिरवी, चार दारांची. वय पन्नासच्या पुढे. दादा तिला रोज पुसतो, आणि मी तिच्यावरून त्याला रोज बोलतो. पण ती कुणा परक्याच्या दारात उभी राहील हे ऐकून मी शटर अर्ध्यावरच सोडलं.

"अचानक काय झालं?"

"अचानक कुठे? महिन्यातून एकदा आम्ही लेकीकडे जातो. हायवेने अडीच तास. साठने गेलो तर मागून ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव नकोसा करतात, नव्वदने गेलो तर इंजिन बोंबलतं. ती काही बोलते, मी 'काय?' म्हणतो. ती परत बोलते, मी परत 'काय?' मग ती तोंड मिटून खिडकीबाहेर बघत बसते. परवा म्हणाली, अडीच तास मुक्याने बसायचा मला कंटाळा आलाय, विका ती. जुन्या गाड्या जमवणारे ते दातांचे डॉक्टर आहेत ना, त्यांना तिने फोनसुद्धा केला. रविवारी ते गाडी बघायला येतायत."

आमच्या वहिनी ग्रंथालयात होत्या. आयुष्यभर लोकांना 'हळू बोला' सांगून त्यांचा स्वतःचा आवाजही कायमचा हळू झालेला. त्या ओरडून बोलतील हे शक्य नाही, आणि एकदा म्हणाल्या की विका, म्हणजे विका.

दुखणं कुठे आहे ते मला लगेच कळलं, निदान तेव्हा तसं वाटलं. ही गाडी बनली तेव्हा रस्ते अरुंद होते, चढ फार होते आणि साठ म्हणजे वाऱ्याचा वेग. मागच्या ॲक्सलमधला गिअर त्या हिशेबाचा. पुढून येणारा शाफ्ट किती वेळा फिरला की मागचं चाक एकदा फिरतं, एवढाच सगळा खेळ. आकडा मोठा असेल तर गाडी चढ हसत चढते, पण सपाट रस्त्यावर इंजिनाला उगाच पळावं लागतं. आकडा लहान असेल तर सपाटीला निवांत, पण चढावर मान टाकते.

"मागचा गिअर बदलावा लागेल," मी म्हणालो.

"नाही, तो ठीक आहे," दादा ऐटीत म्हणाला. "मी काल मोजलाय. शाफ्टला खडूची खूण केली, जॅक लावला, चाक एकदा फिरवलं. सव्वादोन फेरे. याहून लहान आकडा कुठे असतो का?"

मी कपाळावर हात मारला. "चाकं किती उचललीस?"

"एक. जॅक एकच आहे ना माझ्याकडे."

"अरे, दुसरं चाक जमिनीला चिकटलेलं असलं की उचललेलं चाक दुप्पट फिरतं! दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा डिफरन्शियल कशाला बसवलाय मग? तुझ्या सव्वादोनचे झाले साडेचार. तीस वर्षं नुसतं स्टिअरिंग धरून बसलास की काय?"

"पगार त्याचाच मिळायचा," दादा शांतपणे म्हणाला.

दुपारी आम्ही भंगारवाल्याकडे गेलो. त्याच कंपनीच्या नंतरच्या गाड्यांचे दोन ॲक्सल त्याने पत्र्याखाली ठेवले होते. मी दोन्हींवरची माती खरवडली, झाकणं काढली आणि दात मोजले. एकाचा आकडा आला तीन पूर्णांक नऊ, दुसऱ्याचा साडेतीनच्या किंचित वर.

"हा घेऊ," दादाने साडेतीनवाल्यावर हात ठेवला. "आवाज जितका कमी तितकं बरं."

"अति तिथे माती. तुझं इंजिन केवढं, त्याचं वय काय! लेकीच्या वाटेवरचा तो लांब चढ आठव. साडेतीनवर तिथे चौथा गिअर टिकणार नाही. तू तिसऱ्यात टाकशील आणि तिसऱ्यात ती आत्तापेक्षा जास्त बोंबलेल."

"चढ पाच-सहा किलोमीटरचा. बाकी रस्ता तर शांत जाईल?"

"आणि वळणावरून निघताना दर वेळी क्लच जाळशील. तीन पूर्णांक नऊ घे. नव्वदला इंजिन अडतीसशेवरून तेहतीसशेवर येईल. ऐकायला थोडं वाटतं, पण आत बसल्यावर कळेल."

"थोडं नकोय रे मला," दादा एकदम म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "घरात आमचं बोलणं म्हणजे दूध आलं का, बिल भरलं का. तिच्या मनातलं ती गाडीतच बोलायची. लग्न झाल्यापासून. वर्ष-दोन वर्षं झाली, मला तिचं काही ऐकूच आलेलं नाही. मला तिचं बोलणं ऐकायचंय, बारक्या."

माझा राग आहे दुधासारखा, चटकन वर येतो आणि चटकन खाली बसतो. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "तीन पूर्णांक नऊच घे. ऐकू येईल. जबाबदारी माझी."

पुढचे चार दिवस मी दुसरं काम हातात घेतलं नाही. जुन्या गिअरचे दात एकमेकांत नीट बसले नाहीत, तर इंजिन शांत होऊन मागून घोंघावणं सुरू व्हायचं आणि दादाची अवस्था आगीतून फुफाट्यात. मी दातांना रंग लावून ठसा बघायचो, पत्र्याची बारीक चकती घालायचो, परत जोडायचो, परत ठसा बघायचो. शनिवारी दुपारी ठसा दाताच्या बरोबर मध्यावर आला. वेगाचा काटा बदलायला वेळ नव्हता, म्हणून मी दादाला बजावलं, "काटा अठ्ठ्याहत्तर दाखवेल तेव्हा तू नव्वदला असशील."

"म्हणजे आता गाडी खोटंही बोलणार," चक्कर मारायला बोलावलेल्या वहिनी म्हणाल्या आणि पुढे बसल्या. मी मागे, दादाच्या बरोबर पाठीशी, खिडकीजवळ.

हायवेला लागलो. काटा अठ्ठ्याहत्तरवर गेला आणि मीच चकित झालो. इंजिन आपलं आपण गुणगुणत होतं. मागून घोंघावणं नाही, काही नाही. स्वतःच्या कामावर मी सहसा खूश होत नाही, पण त्या दिवशी छाती फुगली.

वहिनींनी खिडकी वर केली. थोडा वेळ रस्ता बघितला. मग त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, राहू द्या गाडी. नको विकायला."

मला मागच्या सीटवर शब्द न् शब्द ऐकू आला.

"काय?" दादा म्हणाला.

"म्हटलं, नको विकायला."

"काय म्हणतेस?"

वहिनींनी तोंड फिरवलं. मी पुढे वाकून, खिडकीच्या बाजूने, मुद्दाम हळू विचारलं, "दादा, पेट्रोल किती आहे?"

"अर्ध्याच्या वर," तो लगेच म्हणाला.

माझं ऐकू आलं, त्यांचं नाही. पन्नास गाड्यांत एखादी अशी येते, की दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. तीस वर्षं बसचं इंजिन त्याच्या डाव्या हाताला धडधडत होतं. घरी जेवताना वहिनी त्याच्या उजवीकडे बसतात, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि मी चार दिवस ॲक्सलच्या दातांना रंग फासत बसलो होतो!

"दादा, गाडी बाजूला घे."

त्याने घेतली, इंजिन बंद केलं. मी म्हणालो, "उजव्या कानावर हात ठेव. वहिनी, आता बोला."

वहिनी बोलल्या. दादा समोर बघत थांबला. मग हात काढून म्हणाला, "बोल की."

"बोलल्या त्या," मी म्हणालो.

बाजूने दोन ट्रक गेले. दादाने डाव्या कानाला हात लावला, जणू तो जागेवर आहे का ते बघतोय. "म्हणजे गाडीचं काही नव्हतं," तो म्हणाला. त्याचा तो चेहरा मला बघवेना.

वहिनींनी दार उघडलं, गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूला आल्या.

"सरका तिकडे."

"तू चालवणार? हायवेवर?"

"परवाना काय कपाटात ठेवायला काढलाय? सरका."

तो डावीकडे सरकला. वहिनींनी सीट पुढे ओढली, आरसा नीट केला, आरशात माझ्याकडे बघून हसल्या. डोळे ओले होते. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. चौथ्यात काटा अठ्ठ्याहत्तरवर स्थिर झाला, तेव्हा रस्त्यावरची नजर न काढता त्या त्याच हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, नको विकायला गाडी."

दादाने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

"मग हे आधीच सांगायचं की!" तो म्हणाला.