मधला तांब्याचा थर

तांबं भलतं हावरट. मुलामा चढवायच्या टाकीत करंट नसला तरी ते लोखंडावर, निकेलवर जाऊन बसतं. निकेल मात्र जोर लावल्याशिवाय जागचं हलत नाही. म्हणून दोघांचा एकत्र थर चढवायचा तर करंट तोडायचा नाही, आणि नग कसा दिसतोय ते बघायला मधेच उचलायचा तर मुळीच नाही. उचलून पुन्हा बुडवला की मधे नुसत्या तांब्याचा पापुद्रा बसतो आणि वरचा थर पुढे कधीतरी सोलून निघतो. हे मला सासऱ्यांनी शिकवलं. चौदा वर्षं, ओरडून ओरडून.

आज सकाळी त्यांनीच करंट बंद केला, पंपाचा दांडा उचलून उजेडात न्याहाळला आणि पुन्हा बुडवला. मी पॉलिशच्या यंत्रावर होते. त्या आवाजात माझी हाक त्यांना ऐकू गेली नाही.

"बाबा, दांडा वाया गेला की!" मी धावत जाऊन म्हटलं.

"का? मी हात नाही लावला त्याला."

"अहो, मी आत्ता पाहिलं."

"मला शिकवू नकोस!"

चोराच्या उलट्या बोंबा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हा दांडा एका जहाजावरच्या आग विझवायच्या पंपात बसणार होता. त्याच जहाजावर माझा नवरा, म्हणजे यांचाच मुलगा, नोकरीला आहे. स्वतःची चूक झाकायला हा माणूस मुलाचा जीव टांगणीला लावतोय?

दुपारी जहाज कंपनीचा तपासनीस आला. थर सुटतो का ते बघायला त्याने नमुन्याची पट्टी वाकवली. पट्टी दांड्याबरोबरच टाकीत होती, पण दांडा उचलण्याआधीच बाहेर काढलेली. तिला साधी चीरही गेली नाही. त्याने माल पास करायचा शिक्का हातात घेतला. बाबा शांतपणे उभे होते.

"थांबा," मी म्हणाले. "दांडा मधेच उचलला होता."

"चाळीस वर्षांत माझ्या टाकीत असं झालेलं नाही," बाबा म्हणाले. मी छिन्नी-हातोडा घेतला, तसे ते गरजले, "थर निघाला नाही, तर उद्यापासून इथे पाऊल टाकायचं नाही!"

पहिल्या घावाला नुसता ओरखडा उठला. तपासनीस घड्याळ बघू लागला. दुसरा घाव मी जीव खाऊन घातला.

नखाएवढी पांढरी कपची उडाली. खाली लालभडक तांबं.

तपासनिसाने शिक्का पिशवीत टाकला. बाबा दांड्यावर वाकले. लाल डागावरून अंगठा फिरवत राहिले. आता कळेल यांना, असं मनात म्हणत मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे पकडलं गेल्याची शरम नव्हती. भीती होती.

"खरंच मी उचलला होता का गं?" त्यांनी हळूच विचारलं. "कधी?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांचा हात धरला.

"सकाळी, बाबा," मी म्हणाले.