निळे पान, तांबडे पान

"ओढ गं लुडमिला, अजून ओढ! भितेस काय? तुटत नाही तो!"

माझ्यापर्यंत पोहोचलेला हा पहिला माणसाचा आवाज. मला कान नाहीत. पण ज्याचे अंगच कातड्याचे, त्याला वेगळे कान कशाला हवेत? घोड्यांची खोगिरे शिवणारा अंतोन कुबिचेक एका बाजूने माझा दोर धरून बसला होता आणि दुसऱ्या बाजूने त्याची बायको पाय रोवून ओढत होती. "हात सोलवटले माझे! खोगीर शीव म्हटलं तर हे काय राक्षसाचं पोट आणून ठेवलंस घरात?" असे म्हणत ती ओढतच होती. दोघे भांडता भांडता थकले, हसले, आणि अंतोनने माझ्यावर मूठ आपटली. त्या दिवशी मी पहिल्यांदा बोललो.

मित्रांनो, मी एक म्हातारा ढोल आहे. जमिनीवर उभा केला तर मोठ्या माणसाच्या छातीला लागतो. माझे खोड मेपलच्या लाकडाचे. मला दोन पाने होती. ढोलाच्या कातड्याला पान म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. एक पान ऑटर नदीच्या पूर्वेकडच्या वासराचे, त्याची कड निळी. दुसरे पश्चिमेकडच्या वासराचे, त्याची कड तांबडी. नदीच्या पूर्वेला एक राज्य, पश्चिमेला दुसरे, मध्ये एक लोखंडी पूल. पूर्वेच्या हॅलोवे गावी एक विद्यापीठ, त्याचा संघ बगळ्यांचा. पश्चिमेच्या डोरन्स गावी दुसरे, त्याचा संघ नांगऱ्यांचा. त्यांचा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे. लांबट चेंडू पोटाशी धरायचा, अंगावर अंग आदळायचे आणि समोरच्याच्या रेषेपलीकडे जायचे. एरवी कोणाशीही खेळोत. पण मक्याची कापणी उरकली, शेतात नुसती खुंटे उरली, की नोव्हेंबरातल्या एका शनिवारी बगळे आणि नांगरे एकमेकांसमोर उभे ठाकत. त्या एका शनिवारासाठी माणसे वर्षभर जगत, असे म्हटले तरी चालेल.

त्या शनिवारी सकाळपासून मैदानाबाहेर गाड्यांच्या मागच्या फळ्या उघडून लोक बसत. मोठ्या पातेल्यात घेवड्याचे तिखट कालवण रटरटे, सोबत दालचिनीचे गोड पाव, सफरचंदाचा गरम रस. निळ्या टोपीचा माणूस तांबड्या टोपीवाल्याला स्वतःच्या हाताने वाढी आणि वाढता वाढता टोमणा मारी. "खा बाबा पोटभर. दुपारनंतर जेवण जायचं नाही तुला!" मग दोन्हीकडची पोरे गाणी म्हणत. नांगरे ओरडत:

बगळोबा, बगळोबा, एका पायावर का हो उभा?
दुसरा पाय चिखलात रुतला, काढायला नाही मुभा!

आणि पलीकडून लगेच:

नांगर तुमचा गंजला, घोडा तुमचा खंगला,
नदीपल्याड जाऊन सांगा, डाव तुमचा भंगला!

जो संघ जिंके, त्याच्याकडे मी वर्षभर राही. त्याचेच पान वाजे, हरलेल्याच्या पानावर कापड चढवत. पण मला नेण्याआधी एक रीत होती, आणि ती मोडायची कोणाची छाती नव्हती. मैदानाच्या मधोमध हरलेल्यांचा ढोलकरी गुडघे टेकून बसे आणि जिंकलेल्यांच्या पानाचा दोर स्वतःच्या हाताने आवळून देई. मग लोकरीचा गोंडा लावलेली काठी त्याच्या हाती ठेवून म्हणे, "वाजव. पुढच्या नोव्हेंबरात न्यायला येतो." जिंकलेल्याने म्हणायचे, "ये. वाट बघतो." बस, एवढेच. त्या दोन वाक्यांवर मी दोन राज्यांमध्ये ये-जा केली. ज्यांनी मला बनवले ते गेले, त्यांची नातवंडे म्हातारी झाली, आणि ती दोन वाक्ये खरी होत राहिली.

एक गुपित सांगतो. तांबड्या पानावर टोला पडला की कापडाखालचे निळे पान आपोआप थरथरे. त्याशिवाय माझ्यातून आवाजच निघत नसे. जिंकलेल्यांना वाटे, आमचेच पान वाजते आहे. वाजत दोन्ही होती.

बगळ्यांचा ढोलकरी पुष्कळ वर्षे आयनार टेस्डाल होता. तो थकल्यावर त्याची मुलगी वर्ना माझी राखण करू लागली. नांगऱ्यांकडे लायमन ह्रुस्का, डोरन्सच्या विद्यापीठातच नोकरीला. वर्ना उंच, हाडापेराने मजबूत, मोठ्याने हसणारी. लायमन बुटका, मिशाळ, आणि माझ्यावर असा जीव लावणारा की थंडीत स्वतःचा कोट काढून माझ्यावर घाली. वर्षातून एकदा ते दोघे भेटत आणि वर्षभराचे भांडून घेत.

"काय गं बगळीणबाई, यंदा तरी उडता येतं का तुमच्या पोरांना?"

"तू तुझ्या मिशा सांभाळ, नांगऱ्या. चेंडूपेक्षा त्याच जास्त पळतात."

"ढोल न्यायला गाडी आणलीस की नुसती आशा?"

"गाडीपण आणलीय आणि गोधडीपण आणलीय. तुझ्या त्या वासमाऱ्या कोटात नाही निजवायची मी त्याला."

गोधडी खरेच आणलेली होती. कारण आयनार आता चर्चशेजारच्या वृद्धाश्रमात होता. त्याला काही म्हणता काही ऐकू येत नसे. माणसाचा आवाज नाही, घंटा नाही, दारावरची थाप नाही. पण त्याची खात्री होती की माझ्या खोडावर तळहात टेकून बसला तर निळे पान त्याला हाडांतून ऐकू येईल. बगळे मात्र हरत चालले होते. वर्षामागून वर्ष निळ्या पानावर कापडच होते. दर नोव्हेंबरात वर्ना गोधडी घालून गाडी आणी आणि रिकामी गाडी घेऊन पूल ओलांडून जाई.

त्या शेवटच्या शनिवारी बगळे जिंकलेच होते. अगदी सामना संपायला आला, तरी पुढे होते. वर्ना गाडीकडे धावत जाऊन मागची फळी उघडून आली होती. आणि मग नांगऱ्यांचे एक पोर निसटले, कोणाच्याच हाती लागेना, रेषा ओलांडून कोसळले. सगळे तांबडे गगनाला भिडले. मी वाजलो. वाजणे माझे कामच आहे.

वर्ना मैदानात आली, गुडघे टेकले, दोर आवळला. लायमनचा हात माझ्या कडेवर होता. तो घामाने ओला होता. एवढ्या थंडीत घाम कशाचा, असे मला वाटले; पण जिंकलेल्या माणसाला येतो कधी कधी घाम.

"वाजव," वर्ना म्हणाली. "पुढच्या नोव्हेंबरात न्यायला येते."

"ये. वाट बघतो."

मग ती हलकेच म्हणाली, "लायमन, एक मागू? रीतीत बसत नाही, मला कळतंय. पण दोन दिवस नेऊ दे ना रे. फक्त बाबांसाठी. सोमवारी स्वतः आणून देते."

लायमनने माझ्याकडे पाहिले. तिच्याकडे पाहिले नाही.

"जिंकून ने की, वर्ना! एवढी वर्षं थांबलीस, अजून एक नोव्हेंबर. काय बिघडतं?"

"बिघडत काही नाही," ती हसून म्हणाली आणि गुडघ्यांवरचे गवत झटकून निघून गेली.

पुढचा नोव्हेंबर नव्हता, मित्रांनो. बर्फ वितळायच्या आत रेडिओवर बातमी आली. डोरन्सचे विद्यापीठ सामन्यांची जुनी साखळी सोडून मोठ्या साखळीत चालले होते. तिथे दूरदूरच्या राज्यांतले बडे संघ होते, टीव्हीचे कॅमेरे होते. नदीपलीकडच्या बगळ्यांसाठी त्यांच्याकडे शनिवार शिल्लक नव्हता. सही आत्ता झाली होती; पण ठरले होते मागच्या उन्हाळ्यातच. मोजक्या लोकांना सांगितले होते, आणि तोंड बंद ठेवायला बजावले होते.

त्या वसंतात आयनार गेला. वर्ना पूल ओलांडून डोरन्सला आली, क्रीडाविभागाच्या गुळगुळीत चेहऱ्याच्या साहेबापुढे उभी राहिली. "सामना नाही तर ढोल कोणाचाच नाही," ती म्हणाली. "नाहीतर अर्धं वर्ष तुमच्याकडे, अर्धं आमच्याकडे. भांडायला नाही आले मी." साहेब गोड हसला. "शेवटचे कोण जिंकले, बाई? मग ढोल आमचा. रीत तुमचीच आहे ना?" त्या खोलीत लायमन होता. तो खिडकीतून बाहेर बघत राहिला.

माझे पुढे जे झाले ते सांगताना आजही माझे खोड आखडते. नव्या मैदानात निळा रंग चालत नव्हता. दोन्ही पाने तांबडी हवी होती, तीही प्लास्टिकची, म्हणजे आतला दिवा लावला की मी कॅमेऱ्यात कंदिलासारखा पेटेन. हे काम परक्या हाताला द्यायचे नाही म्हणून लायमननेच केले. ज्या हाताने मला कोट पांघरला, त्याच हाताने चाकू धरला. निळे पान कडेकडेने कापताना तो मला पुटपुटून म्हणत होता, "होईल, होईल, लागणार नाही तुला." शंभर नोव्हेंबरांची थरथर त्या पानात होती. ते कुठे टाकले मला कळले नाही. मग तांबडेही काढले. ज्यांनी बगळ्यांना सोडले, त्यांनी स्वतःचे वासरूही ठेवले नाही.

नव्या पानांतून आवाज येईना. नुसते पत्र्यावर गारा पडल्यासारखे टकटक. तेव्हा त्यांनी काय केले सांगू? माझा जुना आवाज कोणीतरी कधीतरी टेपवर भरून ठेवला होता, तो कर्ण्यांतून लावला. चार पोरे मला पळवत नेत, एकजण हवेत खोटे टोले मारी, आणि वरून माझाच आवाज गडगडे. मी मुका, आणि माझ्यावर माझाच आवाज कोसळतो आहे! त्या आवाजात निळे पान अजून थरथरत होते. मला ते स्पष्ट ऐकू येई. आणखी कोणाला येत होते की नाही, देव जाणे.

मोठ्या साखळीत नांगरे हरतच राहिले. तिथले लोक त्यांच्यावर गाणीसुद्धा रचत नसत. डोरन्स कुठे आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते, मग टोमणा कशाचा मारणार? हळूहळू मैदान अर्धे रिकामे राहू लागले. दिवा बिघडला, कोणी बदलला नाही. मला बाकांखालच्या अडगळीत, मोडक्या खुर्च्यांपाशी ढकलून दिले. उंदरांनी दोर कुरतडले. एक प्लास्टिकचे पान फाटले ते फाटलेच.

तिथे पडल्या पडल्या माझ्या मनात तुमचा विचार येई, मित्रांनो. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही. पण तुमच्याही पलीकडच्या आळीत, नाक्यापलीकडच्या शाळेत तुमचे कोणीतरी बगळे असतील. त्यांना चिडवा, हरवा, हरलात तर रडा. पण त्यांना सांभाळा रे. तुमच्या खेळाला आवाज आहे तो त्यांच्यामुळे. आणि एखाद्याला "ये, वाट बघतो" म्हणालात, तर खरोखर वाट बघा.

परवा अडगळीचे कुलूप उघडले. लायमन होता. मिशा पांढऱ्या, पाठ वाकलेली. नोकरी संपली होती. त्याने कोणाला विचारले नाही. मला ओढत बाहेर आणले, गाडीत घातले आणि पूल ओलांडला. इतक्या वर्षांनी मी नदीचा वास घेतला.

वर्ना ओसरीवर बसून वाटाणे सोलत होती. गाडीतून कोण उतरले हे तिने पाहिले, पण उठली नाही.

"यंदा मका बरा आलाय तुमच्याकडे," लायमन म्हणाला.

"बरा आहे."

"पुलाला रंग दिलाय वाटतं."

"लायमन, मक्याचं आणि पुलाचं बोलायला आलायस?"

त्याने मला खाली उतरवून ओसरीपाशी ठेवले. वर्ना माझ्याकडे बघत राहिली. मग उठून आली, फाटक्या प्लास्टिकवरून बोट फिरवले, कुरतडलेला दोर चिमटीत धरला. पलीकडे, जिथे निळे पान असायचे, तिथल्या कडेवर तिने तळहात टेकला.

"मला ठाऊक होतं, वर्ना," लायमन म्हणाला. "त्या शनिवारी. तू दोर आवळत होतीस तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. वरच्यांनी सांगितलं होतं, बोलायचं नाही म्हणून..."

"ते मला बातमी आली तेव्हाच कळलं. तुझा हात ओला होता." तिचा आवाज शांत होता. "वरच्यांचं राहू दे. वरच्यांनी तुला दोन दिवस ढोल द्यायला नको म्हटलं नव्हतं. ते तू म्हटलंस. का म्हटलंस?"

लायमन पायरीवर बसला. टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली.

"कारण तू परत कधीच न्यायला येणार नव्हतीस," तो म्हणाला. "ढोल कायमचा माझ्याकडे राहणार होता, दोन दिवसांसाठीही सोडवेना. तू गुडघ्यांवर होतीस, आणि मला आनंद झाला होता, वर्ना. आनंद झाला होता मला."