वर डावीकडचा डाग

आमच्या घरात धुळीला जेवढा मान आहे तेवढा मला नाही. मी शिंकले तर कुणी वळून बघत नाही, पण धुळीचा एक कण कॅमेऱ्यात शिरला की घरात पंखे बंद होतात, खिडक्या लावल्या जातात आणि मला पदर झटकायचीसुद्धा बंदी होते.

आमचे हे हिशेब तपासनीस. दुसऱ्यांच्या कागदातल्या चुका काढून पोट भरणारा माणूस घरी येऊन काय करणार? त्यांनी लेकीचे फोटो काढायला म्हणून लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा घेतला. हौसेने चार लेन्स घेतल्या. आता लेन्स बदलायची म्हणजे कॅमेऱ्याचं तोंड उघडायचं, आणि तोंड उघडं दिसलं की धूळ आत जाणारच. तिचा तो धर्मच आहे. आत जो चौकोनी काचेचा तुकडा असतो, ज्यावर फोटो उमटतो, त्यावर एखादा कण जाऊन बसला की पुढच्या प्रत्येक फोटोत त्याच जागी करडा ठिपका. मोकळं आकाश किंवा पांढरी भिंत असली की हमखास दिसतो. एरवी दिसत नाही. पण एरवी बघायचंच कशाला, म्हणून आमच्याकडे आकाशाचे आणि भिंतीचेच फोटो जास्त. लेकीचे काढलेले बहुतेक फोटो डाग दिसला म्हणून जागच्या जागी पुसून टाकलेले. आमच्या दिवाणखान्याची भिंत जगात सर्वांत जास्त फोटो काढून घेतलेली बाई असेल.

"अहो, कॉम्प्युटरवर एका टिचकीत जातो म्हणे डाग," असं मी कितीदा सांगितलं. त्यावर उत्तर ठरलेलं.

"ती लबाडी झाली. चूक मुळातून काढायची."

मुळातून काढण्याची जागा म्हणजे आमची न्हाणी. तिथे आधी गरम पाण्याचा नळ सोडायचा, वाफेने हवेतली धूळ खाली बसते. मग दार घट्ट लावायचं, कॅमेऱ्याच्या आतला आरसा वर उचलून ठेवायचा, तोंड खाली धरायचं आणि रबरी पंपाने आत फुस्स फुस्स करायचं. तेवढ्याने भागलं नाही तर ओल्या काडीने पुसायचं. हे चालू असताना दार उघडायचं नाही. घराला आग लागली तरी नाही. फोटोत जो डाग वर दिसतो तो आत खाली असतो, हे ज्ञान मला लग्नात मिळालेल्या एकूण ज्ञानापैकी निम्मं तरी असेल.

तर आमची लेक, जिला आम्ही ठकी म्हणतो, तिला लांबच्या देशात नोकरी लागली. दोन वर्षं सुट्टी नाही. बॅगा भरून झाल्या तेव्हा मी विचारलं, अजून काय हवंय गं? ती म्हणाली, "बाबांच्या कॅमेऱ्यातला आपला तिघांचा एक फोटो. मोबाईलमधला नको. बाबांनी काढलेला हवा."

झालं. ह्यांच्या अंगात आलं. निघायच्या दिवशी सकाळी अंगणात कॅमेऱ्याची तिपाई उभी राहिली. कुंपणाच्या बुटक्या भिंतीजवळ मी आणि ठकी. मागे निरभ्र आकाश, म्हणजे डागाला आमंत्रणच. टायमर लावून हे धावत आले, आमच्यात घुसले, खटका वाजला. लगेच परत धावले आणि मागच्या पडद्यावर फोटोचा कोपरा मोठा करून बघू लागले. त्यांच्या चेहऱ्यावरूनच मी ओळखलं.

"वर डावीकडे," ते म्हणाले.

"असू दे हो," मी म्हटलं. "गाडी येईल आता."

"बाबा, चालेल मला," ठकी म्हणाली.

"तुला चालेल, पण तिकडे भिंतीवर लावशील, लोक बघतील." त्यांनी तो फोटो तिथल्या तिथे पुसला. "आलोच. एक फुंकर मारायचीय फक्त." आणि न्हाणीत गेले. आतून कडी, नळाचा आवाज.

मग गाडी आली. यायचीच होती, तिला काय धुळीचं पडलंय. ड्रायव्हरने बॅगा ठेवल्या, घड्याळ बघितलं, रस्त्यात गर्दी आहे म्हणाला. मी न्हाणीच्या दारावर थापा मारल्या.

"अहो, गाडी आलीये."

"आता दार उघडायचं नाही. आरसा वर आहे."

"ती निघालीये."

"एकच मिनिट. काडी आत आहे."

मला असा संताप आला की दार फोडावं. ठकीने माझा हात धरला. ती दाराला गाल लावून उभी राहिली, वाफेने ते दारही कोमट झालं होतं.

"बाबा, येते हं."

"ये ये," आतून आवाज आला. "अंगणात थांबा, आलोच."

ते नळाच्या आवाजात काय समजले कोण जाणे. ठकी माझ्या गळ्यात पडली आणि गेली. विमान काही कुणाच्या काडीसाठी थांबत नाही.

हे बाहेर आले तेव्हा घामाने निथळत होते आणि चेहरा विजयी होता. "लख्ख," म्हणाले. "चला, उभ्या राहा दोघी."

"गेली ती," मी म्हटलं.

"अशी कशी गेली? येते म्हणाली ना?"

"जाताना काय म्हणतात मग?"

ते फाटकापर्यंत गेले, रस्ता बघून परत आले. मला वाटलं, आता आकाशाचा फोटो काढून बघतील निघाला का डाग. पण त्यांनी बटणाला बोट लावलं नाही. पुसलेला फोटो परत आणायचा असेल तर त्यानंतर नवा काढायचा नसतो, एवढं त्यांना ठाऊक होतं. कॅमेऱ्यातलं कार्ड काढून ते कॉम्प्युटरसमोर बसले. जेवायला उठले नाहीत. मीही म्हटलं, बसा, चूक मुळातून काढा.

दुपार कलताना त्यांनी हाक मारली. फोटो परत आला होता, डागासकट. पण हे कोपरा बघत नव्हते, फोटोच्या मध्यभागी बघत होते. फोटोत मी कॅमेऱ्याकडे बघून ओठ आवळून उभी होते. हे घाईत कसेबसे घुसलेले, शर्टाची कॉलर वाकडी. आणि ठकी कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. ह्यांची बाही मुठीत धरून ती ह्यांच्याकडे बघत होती, आणि तिचे डोळे भरलेले होते.

"हे मला दिसलंच नाही गं," ते म्हणाले.

टोमणा माझ्या जिभेवर तयार होता. मी तो गिळला.

"डाग काढता का? एका टिचकीत जाईल."

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि फोटो होता तसा तिला पाठवून दिला. संध्याकाळी मधल्या विमानतळावरून तिचं उत्तर आलं: बाबा, वर डावीकडे डाग राहिलाय बघा. पुढे हसरा चेहरा. ह्यांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग एका बोटाने लिहिलं: मला नाही दिसला.

मोबाईल माझ्या हातात देऊन ते न्हाणीत गेले. कडी लागली, नळ सुटला. मी दार वाजवलं नाही. कॅमेरा टेबलावरच होता.